चाचांची सुरगाठ

कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की चाचा आधी बाहेर जायची वाट विचारायचे. माझ्या कचेरीत ते पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी सलाम-नमस्कार काही केला नाही. दारातच उभे राहिले, खिडकीचे गज पाहिले, फायलींचा ढीग पाहिला आणि म्हणाले, "साहेब, इथून निंघाचं कुठून?"

मला वाटलं, माणूस चुकून आत आलाय. म्हणालो, "आलात तिथूनच."

"अन् तेच दार बंद पडलं तं?"

मी नुकताच नोकरीला लागलेला सरकारी अभियंता, साताऱ्याकडचा, वऱ्हाडी बोली अजून निम्मीच कळणारा. चाचांनी माझ्या टेबलासमोरची खुर्ची उचलली, उंबऱ्याला नेऊन टेकवली आणि तिथून ओरडून ओरडून माझ्याशी मांडवाच्या कामाचं बोलणं केलं. पुढची तीन वर्षं ते येतील तेव्हा तिथेच बसले. शिपायानंही मग ती खुर्ची तिथून हलवायचं सोडून दिलं.

गाव दिग्रसच्या अलीकडचं, बाजाराचं. नाव सांगत नाही. या हकिगतीतली बरीच माणसं अजून हयात आहेत, आणि त्यांतली काही बढती घेऊन बसली आहेत.

चाचा मांडववाले. तेव्हा पन्नाशीच्या पुढे असतील. मेंदी लावलेली दाढी, कमरेला बांबू छाटायचा कोयता, खांद्यावर काथ्याच्या दोरीचं वेटोळं. नाव बिलावर असायचं, एरवी लहानथोर सगळे त्यांना चाचाच म्हणत. पंचक्रोशीतलं लग्न, बारसं, उरूस, गणपती, तांड्यावरचा भंडारा, सगळीकडे त्यांचाच मांडव. पण स्वतः बांधलेल्या मांडवाखाली ते कधी बसले नाहीत. पोराच्या निकाहालासुद्धा कनातीच्या बाहेर, एका विशिष्ट बल्लीशी, म्हणजे मांडवाच्या खांबाशी, स्टूल टाकून बसले आणि बिर्याणी तिथेच मागवली. गावातल्या टॉकीजमध्ये सिनेमा बघायचे तो बाजूच्या दाराला पाठ लावून, उभ्यानं, एक हात मागे कडीवर ठेवून. नायक-नायिका गात असताना मधूनच ती कडी खट्ट वाजायची. चाचा ती उघडते का ते पाहत असायचे. डोअरकीपरशी त्यांचं त्यावरून कायमचं भांडण होतं.

"तुमाले पिच्चर पाहाचा हाय का दार पाहाचं हाय?" तो विचारायचा.

"दोनी पाहाचे हाय. पैसे तं तू एकाचेच घेते ना?"

लोक हसायचे. मीही हसायचो. चक्रम माणूस, पण काम चोख, असं आमच्या कचेरीचं त्यांच्याविषयी मत होतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, बियाणं फसवं, आणि त्यापायी आमच्या जिल्ह्याचं नाव पार वरपर्यंत गेलेलं. मोठमोठी माणसं आमचं दुःख पाहायला येऊ लागली. दुःख पाहायचं म्हणजे आधी हेलिपॅड लागतं. ज्या गावाला शेताकडे जायचा रस्ता माझ्या खात्यानं दहा वर्षांत दिला नव्हता, त्या गावाला आम्ही चार दिवसांत हेलिपॅड देत होतो. मग मंच, मग मांडव, मग कुंपण, आणि या सगळ्यावर 'पाहणी केली, सुरक्षित आढळले' अशी माझी सही. त्या काळात मी इतक्या गोष्टी सुरक्षित आढळवल्या, की आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

त्यातला सगळ्यांत मोठा पाहुणा आमच्याच गावी येणार असं ठरलं. आठ दिवस आधी बंदोबस्ताची बैठक झाली. बंदोबस्ताचे साहेब बाहेरून आले होते. त्यांचं नाव मी विसरलोय, चष्मा मात्र लक्षात आहे, कारण तो त्यांनी खोलीतही काढला नाही. त्यांच्याकडे यादी होती. काळं काही नको, म्हणजे काळे झेंडे निघणार नाहीत. म्हणून काळा रुमाल, काळी छत्री, काळी टोपी, काळे मोजे सगळं बाद. ताफ्याच्या रस्त्यावर एका नाल्यात म्हशी बसायच्या, त्यांचाही विषय निघाला आणि त्या दिवशी म्हशी दुसरीकडे चाराव्यात असं ठरलं. कांदे-टमाटे नकोत. पाण्याची बाटली नको. विडी, काडेपेटी, लायटर नको. चपला काढून ठेवायला लावाव्यात का यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी चपलांना परवानगी मिळाली, कारण एवढ्या चपला सांभाळायला माणूसबळ नव्हतं.

चाचांना कंत्राटदार म्हणून बोलावलं होतं. ते अर्थातच दाराशी बसले होते. चपलांचा निकाल लागल्यावर त्यांनी हात वर केला.

"साहेब, लोकाइले बाहेर जाचं कुठून?"

"आत यायला एकच दार ठेवायचं आहे," साहेब म्हणाले. "एक दार असलं की लक्ष ठेवता येतं."

"आत याचं नाई इचारलं जी. बाहेर जाचं इचारलं."

"पाहुणे निघून गेल्याशिवाय कुणालाही बाहेर सोडायचं नाही. त्यामुळे तो प्रश्न येत नाही."

"अन् आग लागली तं?"

"आग लागणार नाही. काडेपेट्या जप्त होणार आहेत."

चाचांनी अगदी साधेपणानं विचारलं, "साहेब, हा बंदोबस्त पाव्हण्याचा हाय का लोकाइचा?"

"या माणसाला कुणी बोलावलंय?" साहेबांनी मला विचारलं. चाचांना मीच बोलावलं होतं, पण मी वहीत काहीतरी लिहू लागलो.

मंच कसा सजवायचा याची वेगळी समिती होती. तिच्यात साहित्याची आवड असलेले एक गृहस्थ होते. त्यांनी सुचवलं की पाहुण्यांचं स्वागत पांढऱ्या सोन्यानं व्हावं. झालं! जिनिंगमधून रुईच्या गाठी आणल्या, पिंजून मोकळ्या केल्या आणि मंचाचा दर्शनी भाग वरपासून खालपर्यंत रुईनं मढवला. वर्षभर ज्या कापसाला कुणी विचारत नव्हतं, त्याला त्या एका दिवसापुरतं असं मानाचं स्थान मिळालं. दिसत फार सुंदर होतं, हे मला कबूल केलं पाहिजे.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी मी पाहणीला गेलो. आत काम करणाऱ्या माणसांसाठी मी चाचांना पंधरा पास दिले होते. पाहतो तर ते पंधराही पास ओळीनं बल्ल्यांच्या गळ्यात लटकावलेले.

"हे काय चाचा?"

"पासावरचे नावं चुकले साहेब. एक बी माणूस माया नाई त्याच्यात. म्हटलं फेकाचे कायले? बल्ल्या बी तं आतच चालल्या ना, त्याइले अडवलं कोणी तं?"

आणि त्यांची माणसं? ती कोयते, सब्बल आणि कुऱ्हाडी घेऊन मागच्या फाटकातून सकाळपासून आत-बाहेर करत होती. पहाऱ्यावरचा शिपाई त्यांना अडवत नव्हता, कारण ती मांडववाल्यांसारखी दिसत होती. तेवढी ओळख त्याला पुरेशी होती.

चाचा मला मंचाजवळच्या महिला कक्षाकडे घेऊन गेले. मंचासमोर अर्धगोल मोकळी जागा, तिच्या एका अंगाला बांबूच्या चौकटींचं छातीभर कुंपण घातलेला बायकांचा कक्ष. सगळे सांधे निरगाठीनं आवळलेले होते. निरगाठ म्हणजे कापल्याशिवाय न सुटणारी. पण मंचापासून लांबच्या कोपऱ्यात त्यांनी लाल कापडाची झालर जरा वर केली आणि मला तीन चौकटी दाखवल्या. त्या सुरगाठीनं बांधल्या होत्या. दोरीचं एक टोक ओढलं की तिन्ही चौकटी आडव्या होतील अशी ती मांडणी होती, आणि ते टोक कनातीच्या बाहेर एका बल्लीला अडकवून ठेवलं होतं.

"हे दार आदेशात नाई," चाचा म्हणाले. "पन मी ठेवतोच. हरेक मांडवात ठेवतो. लग्नात बी, उरसात बी. म्हून तं बाहेर बसतो."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की निकाहाच्या दिवशी ते त्या बल्लीशी का बसले होते.

"पण इतकं का, चाचा?" मी विचारलं.

त्यांनी दोरीचं टोक बोटांत चोळलं. "मी जिनमंदी कामाले होतो, जवान असताना. मोठा भाऊ बी होता. कापूस चोरीले जाऊ नये म्हून दुपारपाळीले शटर बाहेरून लावत. एक दिवस आग लागली. मी चा आनाले बाहेर गेलतो, भाऊ आत होता. आन्खी चार जन होते. चावीवाला येईपरेंत सारं झालतं. पन कापूस काई चोरीले नाई गेला."

त्यांनी झालर पुन्हा खाली सोडली, नीट केली. "तुमाले दाखोलं कारण सही तुमची हाय. आता मना करा, नाईतं सही करा."

मी सही केली. भला माणूस म्हणून नव्हे. ऊन फार होतं, जेवायची वेळ टळत होती, आणि बांबूच्या तीन चौकटींसाठी कुणाशी वाद घालायची माझी तयारी नव्हती. तसं म्हटलं तर मी त्यांच्या बाजूनं वागलो. फुकटात मिळालेलं पुण्य होतं ते.

सभेच्या दिवशी दाराशी धातू शोधायची चौकट उभी केली होती. तांड्यांवरून बायका ट्रका भरभरून आणल्या होत्या. पहिलीच बंजारा आजी चौकटीतून आली आणि यंत्र ओरडू लागलं. हातभर बांगड्या, पायांत वाळे, केसांत चांदी, ओढणीला नाणी. पोलीसबाई म्हणाली, "दागिने काढा." आजी म्हणाली, "माझ्या लग्नात घातले, आता मेल्यावर निघतील. थांबता का तवरिक?" तिच्यामागे तशाच दोनशे बायका उभ्या होत्या. मग कुणीतरी यंत्राची वायर उपसली. पुढे दिवसभर ती चौकट स्वागताच्या कमानीसारखी उभी होती आणि लोक तिच्यातून मान लववून आत जात होते.

जप्ती मात्र मन लावून चालली होती. काडेपेट्या, विड्यांची बंडलं, लायटर, काळे रुमाल. एकानं बाजारात रेशनचं रॉकेल घेतलं होतं, तो कॅनही जप्त झाला. दुपारपर्यंत चार पोती भरली. आता ही ठेवायची कुठे? बाहेर ठेवली तर लोक परत नेतील. मांडवात सगळ्यांत राखलेली जागा म्हणजे मंचाची पोकळी. सकाळीच कुत्रं तिथे हुंगून गेलं होतं, जागा सुरक्षित असल्याचा कागद झाला होता, दाराला पहारा होता. तेव्हा ती चार पोती आणि रॉकेलचा कॅन व्यवस्थित मंचाखाली नेऊन ठेवण्यात आले. वर रुई, खाली काड्या, मध्ये रॉकेल. गावातल्या एखाद्या वेडसर माणसाला सांगितलं असतं तरी त्याला हे सुचलं नसतं. त्यासाठी बैठका लागतात.

चाचांनी ते पाहिलं आणि मला शोधत आले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना पळताना पाहिलं.

"साहेब, मंचाखाली काय ठेवलं पाह्यलं का तुमी? चला, काढाले लावा. मले कोनी आयकून नाई राह्यलं."

मी बंदोबस्ताच्या साहेबांकडे गेलो. ते बिनतारी यंत्रावर म्हशींची खात्री करून घेत होते. मी म्हणालो, "सर, मंचाखालचं सामान..."

"त्या जागेचं प्रमाणपत्र झालेलं आहे," ते म्हणाले. "आणि तिथे माणूस बसवलाय."

मी परत आलो. चाचांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ते कनातीबाहेर गेले.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. सांगायची टाळतच होतो. त्या महिला कक्षात दुसऱ्या रांगेत माझी बायको बसली होती. ती दारव्ह्याची, गावातल्याच शाळेत शिक्षिका. मांडव रिकामा दिसू नये म्हणून सगळ्या शिक्षिकांनी यावं असा तोंडी निरोप आला होता. तिला सातवा महिना चालू होता. सकाळी ती म्हणाली होती, "मी नाही गेले तर चालणार नाही का?" आणि मी म्हणालो होतो, "माझ्याच खात्याचा मांडव आहे. तिथे तुला काय होणार?"

पाहुणे आले. भाषण सुरू झालं. कापूस हे या मातीचं वैभव आहे असं ते सांगत होते, आणि त्याच सुमारास रुईच्या खालच्या कडेतून बारीक धूर येऊ लागला. पुढे बसलेल्या लोकांना तो सजावटीचाच भाग वाटला. काहींनी टाळ्याही वाजवल्या. मंचाखाली पहाऱ्याला बसवलेल्या माणसाच्या शेजारी चार पोती विड्या-काड्या होत्या आणि तो सकाळपासून तिथे एकटाच होता, एवढंच मी सांगू शकतो. त्या पोत्यांतली एक विडी आणि एक काडी कमी भरली का, हे पुढे कुणी पाहिलं नाही.

मग रुईनं पेट घेतला. पिंजलेली रुई जळते म्हणजे काय हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून उपयोग नाही.

इथे मात्र बंदोबस्त किती चोख होता याचा प्रत्यय आला. 'आग' हा शब्द कुणी उच्चारायच्या आधी पाहुणे मागच्या फाटकातून गाडीत होते. त्यांच्यामागून अधिकाऱ्यांना बाहेर काढलं. त्यांत मी होतो. माझ्या दंडाला धरून एका जवानानं मला बाहेर ओढलं आणि मी ओढला गेलो. मागे फाटक बंद झालं, ताफा निघेपर्यंत बंदच राहिलं. अग्निशामक बंब नियमाप्रमाणे हेलिपॅडवर उभा होता. तिथून मांडवाकडे यायचा रस्ता ताफ्यासाठी मोकळा ठेवायचा म्हणून अडवला होता. आणि लोकांसाठी असलेल्या एकुलत्या दाराशी एक शिपाई हात पसरून ओरडत होता, "रांगेनं! एकेक जण! चौकटीतूनच!"

मी फाटकाच्या गजांना धरून आत पाहत होतो. बायकांचा कक्ष मंचाच्या अंगाला, ठिणग्या त्यांच्या छतावर पडत होत्या. बायका कुंपणाकडे लोटल्या, पुढच्या दबू लागल्या. तिचं नाव घेऊन मी ओरडत होतो. माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

आणि लांबच्या कोपऱ्यातल्या तीन चौकटी एकदम आडव्या झाल्या.

कनातीबाहेरून चाचांचा आवाज आला. पंधरा फुटांवरून मांडवाचं बोलणं करणारा तोच आवाज. "बाया हो, इकडून! धावू नोका! चाला! पोरीले पुढं घ्या, पोटुशीले पुढं घ्या!"

बायका चालत बाहेर आल्या. माझी बायको त्या दागिनेवाल्या आजीचा हात धरून आली. आजी तिला म्हणत होती, "बेटी, खाली पाहून चाल, बांबू हायत." पाच मिनिटांत कक्ष रिकामा झाला. पुरुषांच्या बाजूचे लोक त्या एकुलत्या दारातून कसेबसे निसटले. कुणी मेलं नाही. खरचटलं, ओढण्या जळाल्या, एकीचा हात मोडला. मंच आणि निम्मा मांडव राख झाला, आणि बंब आला तेव्हा विझवायला फारसं उरलं नव्हतं.

चौकशी झाली. मला वाटत होतं, विचारतील की मंचाखाली काड्या कुणी ठेवल्या, रुई कुणी लावली, दार एकच का. पण चौकशीचा मुख्य मुद्दा वेगळा निघाला. अतिमहत्त्वाच्या व्यक्तीच्या सभेत, मंचाजवळ, कुंपणाला उघडणारी फट होतीच कशी? तिच्यातून कुणीही आत शिरू शकलं असतं. बंदोबस्ताच्या साहेबांनी जळकी दोरी एका पाकिटात घालून पुरावा म्हणून टेबलावर ठेवली होती.

मला प्रश्न आला, "पाहणीच्या वेळी ही अनधिकृत फट तुमच्या निदर्शनास आली होती का?"

नोकरीला तीन वर्षं झाली होती. मूल येणार होतं. घराचं काय, बदलीचं काय, चौकशीचा शेरा पडला तर पुढे काय, असं बरंच काही माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. ज्या दारातून माझी बायको आणि तिच्या पोटातलं मूल बाहेर आलं होतं, त्या दाराविषयी मी म्हणालो, "नाही."

चाचा दाराशी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. टॉकीजची कडी उघडते का ते पाहताना जसे पाहायचे तसे पाहिलं.

"तुम्ही काय म्हणता?" त्यांना विचारलं गेलं.

"साहेबाले मालूम नवतं," चाचा म्हणाले. "म्या कापडाखाली लपून ठेवलतं."

आगीचं कारण अज्ञात, असा अहवाल आला. चाचांचं नाव काळ्या यादीत गेलं. काळं चालत नाही असा नियम त्या एका ठिकाणी मात्र लागू झाला नाही. उरलेल्या बल्ल्या, चौकटी, ताडपत्र्या पुरावा म्हणून जप्त झाल्या आणि एका आवारात उघड्यावर पडून पावसानं कुजल्या. पुढच्या सभांना कुंपणं लोखंडी असावीत, वेल्डिंग केलेली, अशी शिफारस झाली. ती ताबडतोब अमलात आली. मला तत्परतेबद्दल कौतुकाचं पत्र मिळालं. ते कशाच्या तत्परतेबद्दल होतं हे मी कधी विचारलं नाही.

चौकशी झाली त्या संध्याकाळी बायकोनं विचारलं, "चाचांबद्दल खरं सांगितलंत ना तिथे?" मी हो म्हणालो. नंतर माझी बदली झाली, बढती झाली, पुन्हा बढती झाली. चाचांकडे मी कधी गेलो नाही. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून माणूस बरंच काही करत नाही, त्यातलंच ते एक.

यवतमाळला घर बांधलं. निवृत्तीला आलो तेव्हा मुलीचं लग्न ठरलं. लग्न लॉनवर होतं, पण हळदीचा मांडव दारात घालायचा होता. बायको म्हणाली, "मांडव चाचांचाच पाहिजे. जिवंत असतील तर." मी म्हणालो, इतक्या लांबून कशाला. तिनं ऐकलं नाही. भावाला पाठवून पत्ता काढला, निरोप धाडला.

चाचा आले. ऐंशीकडे झुकलेले, मेंदी तशीच, कोयता मात्र आता पुतण्याच्या कमरेला. घरात पाऊल टाकताच त्यांनी चारी भिंती पाहिल्या. मी आपण होऊनच म्हणालो, "स्वयंपाकघरातून मागे दार आहे, चाचा."

"उघडते का?"

"उघडतं."

त्यांनी जाऊन उघडून पाहिलं. मग चहा घेतला, मागच्या पायरीवर बसून. मुलगी पाया पडायला आली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या बायकोला विचारलं, "हीच ना? ही बी होती ना त्या दिशी आत?"

"हो, हीच," बायको म्हणाली आणि तिला रडू आलं. तिनं पदर डोळ्यांना लावला. मी पुतण्याला बल्ल्या कुठे रोवायच्या ते दाखवायला अंगणात निघून गेलो.

दुपारी मांडव उभा राहिला. बाकीचे जेवायला बसले तेव्हा चाचांनी मला हाक मारली. अंगणाच्या कोपऱ्यात, मुलीचा पाट मांडायचा होता त्याच्या पाठीमागे, त्यांनी लाल झालर वर केली. दोन चौकटी होत्या. त्यांना सुरगाठ होती. दोरीचं टोक त्यांनी बाहेरून आणून माझ्या हातात दिलं.

"ओढा."

"कशाला चाचा, मला माहीत आहे."

"ओढून पाहा, साहेब. त्या दिशी मालूम नवतं ना तुमाले."

मी ओढलं. दोन्ही चौकटी माझ्या पायाशी आडव्या झाल्या. समोर रस्ता दिसत होता. मला त्यांच्याकडे पाहवेना. चौकशीत जे बोललो ते चूक होतं, माझ्या हातून पाप झालं, असं काहीतरी मी बोलू लागलो. चाचांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ते गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले होते, चौकटी उभ्या करत होते. त्यांनी दोरी पुन्हा घातली, गाठ मारली, टोक नीट बाहेर काढलं आणि झालर सारखी केली.

"आता मालूम हाय," ते म्हणाले. "कोनी इचारलं तं सांगजा."